माझी डाक माझ्या कानात

फोन कसा निवडला, हे तुम्ही दोघा नातवंडांनी मला वेगवेगळं विचारलंत आणि दोघांनाही मी अर्धवट उत्तरं दिली. थोरलीला सगळं सांगायला तेव्हा वेळ नव्हता. धाकट्याला सांगायला सुरुवात केली, तर त्याची बस आली. म्हणून आता एकदाच क्रमानं लिहिते. देवनागरीतली मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे.

काचबिंदूनं आधी माझ्या नजरेच्या कडा नेल्या आणि मग मधलाही भाग नेला. आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं, तेही दिवसा. बाकी घर माझ्या हातापायांना पाठ आहे, त्यामुळे रोजचं काही अडत नव्हतं. स्वयंपाकघरात मी अजूनही तुमच्या आईच्या आधी पोचते. अडायचं ते एकाच ठिकाणी, वाचायला. त्यावर आम्ही एक पद्धत बसवली होती. संध्याकाळी तुमचे बाबा ऑफिसमधून आले की चहा घेऊन माझ्या शेजारी बसायचे आणि माझा फोन हातात घेऊन म्हणायचे, "चला, साहेबांची डाक." मी सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात केली, आधी स्टेनो आणि पुढे खासगी सचिव म्हणून. रोज सकाळी साहेबांची टपालं उघडून त्यांच्यापुढे ठेवायची हे माझंच काम होतं. त्या टपालाला तिथे सगळे डाकच म्हणायचे. आता डाक माझी होती आणि उघडणारे तुमचे बाबा होते.

ते वाचायचे प्रेमानं, पण वाचायचे ऑफिससारखं. माझ्या बहिणीनं नागपूरहून लांबलचक काही लिहिलं असलं की म्हणायचे, "मावशीची तब्येत ठीक आहे, संत्री पाठवतेय."

"तिच्या शब्दांत वाच," मी म्हणायची.

"आई, मुद्दा तोच आहे ना!"

मुद्दा तोच असायचा. पण बहीण मुद्द्यासाठी लिहीत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

तर हिवाळ्यातली एक संध्याकाळ. थोरलीचा परदेशातून मेसेज आला होता. तुम्ही दोघं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिता, त्यामुळे बाबांना वाचताना जरा अडखळायला होतं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरू केलं, "आजी, बाबांना सांगू नकोस, पण..."

आणि थांबले. मी कपाचा आवाज ऐकला, बशीत ठेवल्याचा.

"आई, पुढे वाचू?"

"नको. फोन दे इकडे."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "पुढचं मी वाचलेलं नाही," म्हणाले.

"माहीत आहे मला."

"पण मोठा आहे मेसेज. बराच मोठा आहे." बाप आहे तो. एवढं बोलून गप्प बसला, हेच खूप झालं.

तेवढ्यात तुमची आई आतून आली. काय झालं ते कळल्यावर तिनं पदराला हात पुसले असतील, कारण लगेच तिचा कोरडा हात माझ्या हातातल्या फोनवर आला. "द्या, मी वाचते. 'बाबांना सांगू नकोस' असं लिहिलंय ना? 'आईला सांगू नकोस' असं कुठे लिहिलंय?"

"वा, वकीलसाहेब!" बाबा म्हणाले.

"तू वाचलंस की याला किती वेळात कळेल?" मी विचारलं.

"मी बिल्कुल नाही सांगणार, आई. शपथ."

"तोंडानं नाही सांगणार गं. चेहऱ्यानं सांगशील."

"तुम्हाला कुठे दिसतो माझा चेहरा?"

"मला नाही दिसत. त्याला दिसतो ना!"

यावर दोघंही हसले, पण हसणं फार टिकलं नाही. आमच्या कार्यालयात एक नियम होता. साहेबांची सगळी टपालं मी उघडायची, पण ज्या पाकिटावर 'गोपनीय' असा शिक्का असेल ते बंदच आत न्यायचं. पाकीट हातात असतं, ब्लेड हातात असतं, तरी ते फोडायचं नाही. त्या मुलीनं पहिल्याच ओळीत शिक्का मारला होता. आणि ते पाकीट आता माझ्याच नावाचं होतं, माझ्याच मांडीवर पडलेलं होतं आणि मला फोडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी थोरलीला फोन लावला.

"आजी, वाचलंस?"

"नाही अजून. पहिली ओळ तुझ्या बाबांनी वाचली."

"ओह नो! आणि पुढची?"

"पुढची नाही. माझ्या हातात देऊन बाजूला झाला."

"नक्की?"

"माझा मुलगा आहे तो. तूच आता तोंडी सांग ना, काय आहे ते."

"नाही गं आजी. बोलायला लागले की रडू येतं, म्हणून तर लिहिलं. आणि मी लिहिलंय ते नीट लिहिलंय. तू वाच आणि मग बोल. तुझा फोन वाचून दाखवत नाही का? माझ्या वर्गात एक जण आहे, त्याला अजिबात दिसत नाही. त्याचा फोन त्याला सगळं धडाधड वाचून दाखवतो. मला वाटलं, तुझा पण तसाच असेल."

मला असा फोन असतो हे माहीत होतं, जसं लोकांना स्वित्झर्लंड आहे हे माहीत असतं तसं. आपण तिथे जायचं असतं हे लक्षात आलं नव्हतं.

"मला थोडा वेळ दे," मी म्हटलं.

"चालेल. पण महिनाअखेरीला मला इथे एक काय ते सांगायचंय. त्याआधी तुझं मत हवंय. तुझं, आजी. बाबांचं मला माहितीये."

एवढ्यानंच माझं काम ठरलं. महिना संपायच्या आत मला तो मेसेज दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांशिवाय वाचायचा होता.

आधी बाबांनी माझ्याच फोनमध्ये ती वाचून दाखवण्याची सोय सुरू करून पाहिली. ती बहुतेक फोनांत असतेच, फक्त चालू करावी लागते. बोटानं एकदा स्पर्श केला की फोन तिथे काय आहे ते नुसतं सांगतो. लागोपाठ दोनदा टिचकी मारली की ते उघडतो. हे मला अर्ध्या तासात जमलं. फोनला मात्र जमलं नाही. बिचारा म्हातारा झाला होता. "संदे..." एवढं म्हणायचा आणि दम लागल्यासारखा गप्प व्हायचा.

म्हणजे नवा घ्यायचा. तुमच्या बाबांचं मत तयारच होतं: ते वापरतात त्याच कंपनीचा घ्यायचा. "आंधळ्या लोकांसाठी हाच बेस्ट मानतात. आणि काही अडलं तर मला कळेल. माझ्याच अकाउंटला जोडून टाकतो, मी ऑफिसमधूनसुद्धा बघू शकेन."

"हेच तर नको आहे," मी म्हटलं.

मग त्यांच्या लक्षात आलं आणि म्हणाले, "बरं, जोडत नाही. पण फोन तोच घे."

मी तो फोन हातात घेऊन चारी बाजूंनी चाचपला. "याला इयरफोनचं भोक कुठे आहे?"

"नसतं आता. बिनवायरचे असतात, कानात घालायचे."

"आणि कानातून पडले की?"

"आई, जग कुठे चाललंय आणि तू भोकं शोधतेस! वायरवाले कोण वापरतं हल्ली?"

"जिला पलंगाखाली गेलेली बोंडं शोधता येत नाहीत ती वापरते."

यात हट्ट नव्हता. थोडा विचार करून पाहा. बोलणारा फोन म्हणजे घरात मोठ्यानं बोलणारं माणूस. डोळसाचा फोन त्याच्या तळहातात गुपचूप असतो. माझा फोन सगळ्या खोलीला ऐकू जाणार. मी मुलाकडून डाक काढून घ्यायची आणि ती भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकवायची, याला काय अर्थ आहे? म्हणून माझ्या मनात तीन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. मला तो कोणाच्या मदतीशिवाय उघडता आला पाहिजे. तुमची इंग्रजी अक्षरांतली मराठी त्याला वाचता आली पाहिजे. आणि जे वाचेल ते फक्त माझ्या कानात पडलं पाहिजे. कॅमेरा, रंग, जाडी या गोष्टींवर मी सगळ्यांना सवलत दिली होती.

शनिवारी तुमच्या आईबरोबर आपल्या वैशाली स्टेशनवरून मेट्रोनं दिल्लीला, करोल बागेत गेले. दुकान मोठं असावं, कारण गाण्याचा आवाज दुरून यायचा. विक्रेता मध्यमवयीन, बोलका, हातात लगेच फोन ठेवणारा होता.

"माताजी, इसका कैमरा देखिए. रात में भी दिन जैसा!"

तुमच्या आईला खोकला आला.

"भैया, मुझे तो दिन में भी नहीं दिखता," मी म्हटलं. "इसे बुलवाइए."

माणूस भला होता. वरमला, पण पळून गेला नाही. त्यानं शोधून शोधून वाचनाची सोय सुरू केली आणि मग स्वतःच अडकला. त्याची सवय एका टिचकीची. तो जिथे टिचकी मारी, तिथे फोन नुसतं नाव सांगे आणि ढिम्म हलत नसे. "ये तो हैंग हो गया," असं त्यानं दोनदा जाहीर केलं. मी फोन मागून घेतला, बोट फिरवत पाहिजे ते ऐकलं, दोन टिचक्या मारल्या आणि उघडून परत दिला. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "कमाल है!" कमाल काही नव्हती. या एका बाबतीत त्या दुकानात मी त्यांच्यापेक्षा अर्धा तास जास्त शिकलेली होते.

परीक्षेसाठी मी धाकट्याचा एक जुना, निरुपद्रवी मेसेज ठरवून नेला होता: 'आजी, तू कशी आहेस? मी मजेत आहे.' तुमच्या आईनं तो धाकट्याच्याच स्पेलिंगमध्ये, इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक फोनमध्ये लिहिला.

पहिला होता बाबांच्या पसंतीचा. तो बोलला अगदी लंडनहून आल्यासारखा: "आजी, टू कॅशी आहीस?" परत वाचायला लावला तर त्यानं आपणच विचार बदलला आणि हिंदीत शिरला. "आजी, तू काशी आहेस?"

"काशी?" विक्रेता म्हणाला. "माताजी काशी जा रही हैं?"

"जाने ही वाली थीं," तुमची आई म्हणाली, "फ़ोन लेने के लिए रुक गईं."

"बहू भी साथ चलेगी," मी म्हटलं. "सामान कौन उठाएगा?"

हसणं संपल्यावर मी तोच मेसेज पुन्हा वाचायला लावला. या वेळी 'मजेत'चं 'मॅजेट' झालं आणि 'कशी' तिसऱ्याच तऱ्हेनं आलं. हा फोन हुशार होता. भाषा कोणती ते तो स्वतः ओळखायला जात होता आणि दर वेळी नवीन काही ओळखत होता. मी तो बाजूला ठेवायला सांगितला.

दुसऱ्यात मराठी आवाज होता, बाईचा, गोड. तुमच्या आईनं त्यात देवनागरीत दोन ओळी लिहिल्या. त्या आवाजानं 'सकाळ' आणि 'पोळी' असे म्हटले, की मला वाटलं बाई सदाशिव पेठेतून थेट करोल बागेत उतरल्या.

"आई, हाच घ्या! 'ळ' किती छान म्हणते! माझ्यापेक्षा छान."

"तुझ्यापेक्षा छान म्हणणं काही अवघड नाही." तुमची आई दिल्लीत वाढली, तिच्या तोंडी 'डाळ'सुद्धा निम्मी 'दाल'च असते. ती माझ्या दंडाला चिमटा काढून हसली.

मग धाकट्याचा मेसेज दिला. बाई गप्प. पुन्हा दिला. पुन्हा गप्प. इंग्रजी अक्षरं समोर आली की ती त्यांच्यावरून सरळ पुढे निघून जायची, जणू तिथे कोणी काही लिहिलेलंच नाही. सोवळ्यातल्या बाईसारखं. इतक्या गोड आवाजाला नाही म्हणताना वाईट वाटलं, पण तुमच्या डाकेला जी ओळखच दाखवत नाही तिला घेऊन मी करणार काय?

तिसरा फोन विक्रेत्यानं अगदी शेवटी, अनिच्छेनं काढला. जाड होता, जड होता. बाजूला खरं, बोटाला लागणारं बटण होतं आणि त्याच बटणावर बोट ठेवून तो उघडायचा. खालच्या कडेला इयरफोनचं भोक होतं. आवाज पुरुषाचा, आपल्याकडचा इंग्रजी, सपाट, जेवणानंतर फाइल वाचणाऱ्या अवर सचिवाचा. तो म्हणाला, "आजी, टू काशी आहेस. मी मॅजेट आहे."

"ये भी काशी ही बोल रहा है," विक्रेता खिन्नपणे म्हणाला.

"फिर से," मी म्हटलं.

"आजी, टू काशी आहेस. मी मॅजेट आहे."

"फिर से."

तेच. हुबेहूब तेच. मी त्याला पाच-सहा वेळा वाचायला लावलं. त्यानं एकदाही मत बदललं नाही. तिथेच माझी निवड झाली, आणि का झाली ते तुम्हाला सांगायला हवं, कारण घरी ते अजून कोणाला पटलेलं नाही.

मंत्रालयात मी सगळ्या देशाचं इंग्रजी उतरवून घेतलं. एक साहेब बंगाली होते, त्यांच्या तोंडी 'व्ह'चा 'भ' व्हायचा. एक दक्षिणेचे होते, ते 'एम' या अक्षराला 'यम' म्हणायचे. एक पंजाबी साहेब 'स्टेशन'चं 'सटेशन' करायचे. पहिला आठवडा कठीण जायचा. नंतर कान त्या चुकीचा कायदा शिकायचा आणि मग ती चूक ऐकूच यायची नाही, सरळ शब्द यायचा. शॉर्टहँडही तसंच असतं. त्यात स्वर जवळजवळ लिहितच नाहीत. व्यंजनांचा सांगाडा कागदावर असतो आणि बाकीचं अर्थावरून भरायचं. म्हणून मला चुकणाऱ्याची भीती नाही. रोज वेगळं चुकणाऱ्याची आहे. हा तिसरा फोन मठ्ठ होता, पण एकमार्गी होता. 'अ' दिसला की 'आ' किंवा 'ॲ' करायचा, 'त'चा 'ट' करायचा, आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. अशा माणसाबरोबर मी आयुष्यभर काम केलं आहे.

तरी मी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. वेग कमी केला की काही आवाज दारू प्याल्यासारखे लांबतात. हा लांबला नाही. आणि शब्द कळला नाही तर तो एकेक अक्षर सुटं करून सांगतो का? विक्रेत्यानं बरंच शोधून ती युक्ती काढली. "के, ए, एस, एच, आय," फोन म्हणाला, सावकाश आणि स्पष्ट. कशी! त्या काशीत माझी 'कशी' सगळी शिल्लक होती.

पैसे दिल्यावर, बोटानं उघडण्याआधी, फोनला एक गुप्त क्रमांक द्यावा लागतो. मी तो देऊ लागले आणि फोननं माझा प्रत्येक आकडा दुकानभर ओरडून सांगितला. विक्रेता म्हणाला, "मैंने नहीं सुना, माताजी! मैंने कान बंद कर लिए!" मग तिथेच वायरचे इयरफोन विकत घेतले, भोकात घातले आणि क्रमांक बदलला.

मेट्रोत तुमची आई म्हणाली, "आई, सच बोलू? तुम्ही दुकानातला सगळ्यात भद्दा फोन घेतलात."

"मला दिसत नाही, म्हणून परवडतं."

थोरलीचा मेसेज मी लगेच उघडला नाही. नवीन स्टेनोला पहिल्याच दिवशी गोपनीय काम देत नाहीत. आधी जुन्या डाकेवर हात बसवायचा ठरवलं, आणि ते बरं झालं. कारण तिसऱ्या दिवशी फोनला रागावताना माझं बोट कुठल्याशा बटणावर दाबलेलं राहिलं आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर माझ्या आवाजात एक निरोप गेला: "अरे मेल्या, सारखा पळतोस कुठे? एका जागी बस आणि नीट बोल." नागपूरहून बहिणीनं ताबडतोब विचारलं, "कोणाला बोलतेस गं? जावई इथेच बसलेत." तुमच्या बाबांनी ऑफिसमधून फोन करून विचारलं, "आई, सगळं ठीक ना?" हा निरोप तुम्हालाही आला असणार. दोघांनी त्यावर काही म्हटलं नाहीत, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

पण त्यानं मला एक कळलं. तो मोठा मेसेज असाच बोट घसरून त्या ग्रुपवर गेला असता तर? म्हणून मी आणखी थांबले. टाइप करण्याचाही सराव केला. बोटांना टाइपरायटरची सगळी अक्षरं पाठ आहेत, पण काच गुळगुळीत, तिच्यावर बोटांना घर सापडेना. तुमच्या आईनं आपल्या पाकिटातल्या दोन मखमली टिकल्या काढून कव्हरच्या दोन्ही कडांना, बरोबर मधल्या ओळीच्या उंचीवर लावून दिल्या. "घ्या, फोनला सौभाग्यवती केलं," म्हणाली. त्या दिवसापासून बोटं चुकेनाशी झाली.

मग एका दुपारी, दोघंही ऑफिसला गेलेली असताना, मी बाल्कनीत उन्हात खुर्ची घेतली. खाली कोणीतरी गालिचा झटकत होतं. इयरफोन घातले, वेग कमी केला आणि थोरलीचा मेसेज उघडला.

"आजी, बाबांना..." हे मला आधीच ठाऊक होतं, तरी त्या सपाट आवाजात ते वेगळं वाटलं. तुमचे बाबा वाचताना त्यात त्यांचा आवाज मिसळायचा. याच्या आवाजात कोणीच नव्हतं, त्यामुळे ती होती. मी श्रुतलेखनाची जुनी रीत वापरली: एखादा शब्द निसटला तर तिथे थांबायचं नाही, पुढे जायचं, वाक्य पुरं झालं की तो मागून आपण होऊन येतो. 'पॅन' आला, तो 'पण' होता. 'टार' आला, तो 'तर' होता. 'डॉन' आला, तो 'दोन' होता. अर्ध्या मेसेजनंतर मी चुका दुरुस्त करते आहे हेच विसरले.

आणि मग फोन म्हणाला, "मला इथे कार मॅट नाही."

इथे मात्र थांबले. तिनं गाडी घेतली की काय? पायपुसण्यासाठी कोणी एवढं लांब पत्र लिहील? पुढचं वाक्य ऐकलं, त्याच्या पुढचंही ऐकलं, पण तो शब्द काही मागून येईना. मागे गेले आणि एकेक अक्षर काढलं. के. ए. आर. एम. ए. टी.

करमत. मला इथे करमत नाही.

या एका शब्दाबद्दल लिहायची परवानगी मी थोरलीकडून घेतली आहे. बाकी काहीही इथे येणार नाही. पण हा शब्द बघा. ही मुलगी गाझियाबादेत वाढली. अडकित्ता म्हणजे काय ते तिला माहीत नाही, आणि मैत्रिणींशी बोलताना ती 'मन नहीं लगता'च म्हणायची. इंग्रजीत तर तिला शंभर शब्द मिळाले असते. तरी तिथे बसून, एकटीनं लिहिताना तिला 'करमत' आठवला, जो शाळेत कोणी शिकवत नाही, घरातच कानावर पडावा लागतो. कंटाळा वेगळा, घरची आठवण वेगळी, दुःख वेगळं. सगळं ठीकठाक असून जीव जागेवर बसत नाही, त्याला आपण करमत नाही म्हणतो. तो शब्द कळला आणि मेसेज संपवून तो मला पहिल्यापासून पुन्हा वाचावा लागला, कारण तोवरचा भाग मी थोडा अधिक गंभीर समजून वाचला होता. तुमच्या बाबांनी वाचला असता तर म्हणाले असते, "तिला कंटाळा आलाय." आणि मी सल्लाही कंटाळ्याचाच दिला असता. त्या मठ्ठ फोननं शब्दाचं पायपुसणं केलं खरं, पण सहाच्या सहा अक्षरं जशीच्या तशी माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळी बाबा आले. चहा घेऊन नेहमीच्या जागी बसले. डाक वाचायची नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"वाचलास?"

"वाचला."

"सगळा?"

"दोनदा."

ते थोडा वेळ चहा ढवळत राहिले. त्यात साखर नसते. "आई, एकच सांग. काळजी करण्यासारखं आहे का?"

"काळजी करण्यासारखं असतं तर मी आत्ता इथे बसून शेंगा सोलत असते का?"

"म्हणजे नाहीये."

"म्हणजे तू विचारू नकोस."

ते हसले नाहीत, पण त्यांनी माझ्या ताटलीतून मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला घेतल्या. नंतर थोरलीनं बाबांना स्वतःच सगळं सांगितलं, तिला हवं तेव्हा आणि तिच्या शब्दांत. त्यावर बापलेकीत काय झालं ते त्यांचं ते जाणोत.

उत्तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. रात्रभर मनात जुळवलं होतं, जसं साहेबांसाठी महत्त्वाचं पत्र आधी मनात जुळवायची तसं. इंग्रजी अक्षरांतच लिहिलं, तिला वाचायला सोपं जावं म्हणून. पाठवण्याआधी फोनकडून वाचून घेतलं. त्यानं माझ्याही शब्दांची तीच दशा केली. कोणाला पाठवते आहे त्याचं नाव दोनदा ऐकलं आणि मगच दोन टिचक्या मारल्या.

तिच्याकडे तेव्हा किती वाजले होते कोण जाणे, पण फोन मांडीवर ठेवून मी डोळे चोळते आहे तोवर तो थरथरला. उत्तर लांब होतं. पहिलं वाक्य कानात पडलं आणि मी वेग आणखी थोडा कमी केला.

आतून तुमच्या आईनं हाक मारली, "आई, पोहे गार होतायत! करताय काय तिकडे?"

"वाचतेय," मी म्हटलं.